दावा २०१२ चा, उलटतपास अजून व्हायचाय : तालुका कोर्टात वेळ नेमका जातो कुठे?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय.

आईने २०१२ साली माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून वाटपाचा दावा लावला. प्रतिवादी माझे दोन मामा. आजोबा २००३ मध्ये गेले, आजी त्यांच्याही आधी. जमीन फार नाही, पण विहिरीला लागून असलेला तुकडा चांगला आहे आणि सगळं घोडं तिथंच अडलंय. दावा लावला तेव्हा आई साठीच्या आसपास होती, आता ७४ वर्षांची आहे. थोरले मामा २०२१ मध्ये वारले. आजची स्टेज अशी : आईचं सरतपासाचं (म्हणजे तिच्या स्वतःच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र दाखल, उलटतपास (समोरच्या वकिलांचे प्रश्न) बाकी. तो बाकी आहे त्यालाही वर्ष उलटून गेलं.

तारखेला मीच जातो, पहाटेची एसटी धरून. धाकट्या मामांचा मुलगाही आलेला असतो. कोर्टासमोरच्या टपरीवर आम्ही दोघं एकत्रच चहा घेतो, पैसे कुणी द्यायचे यावरून हुज्जत घालतो आणि मग आत जाऊन एकमेकांविरुद्ध उभे राहतो. दुपारपर्यंत कळतं की साहेब रजेवर आहेत, किंवा समोरच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज आलाय, किंवा बोर्डच (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) एवढा मोठा आहे की आपला नंबर लागणार नाही. आईला फोनवर काय सांगायचं हे आता मला पाठ झालंय.

वकिलांना विचारलं तर "दिवाणी आहे हो, लागतो वेळ" एवढंच म्हणतात. अशा दाव्याला साधारण किती वर्षं लागतात? आणि पक्षकाराच्या हातात काही असतं का, की नुसतं वाट बघत बसायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्पष्टवक्ता

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे उगाच नाही म्हणत. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळची सुट्टी, उरलेल्या दिवसांत वकिलांच्या तारखा. तुमचा दावा तुमची मुलं चालवतील. शुभेच्छा!

चाळकरी

+१. आमच्या चाळीच्या घरमालकाने लघुवाद न्यायालयात दावा लावला तेव्हा मी शाळेत होतो. आता माझी मुलगी कॉलेजात जाते. घरमालक गेला, त्याचा मुलगाही गेला, आम्ही आहोत तिथेच. आमची तक्रार नाही म्हणा. :)

दिवाणी_वकील

चाळकरींचा प्रतिसाद हसण्यावारी नेऊ नका, अर्धं उत्तर त्यातच आहे. दाव्यात एका बाजूला नेहमी असं कुणीतरी असतं ज्याला उशीर परवडतो, बऱ्याचदा हवाच असतो. वाटपाच्या दाव्यात जमीन ज्याच्या वहिवाटीत आहे त्याला घाई नसते. ऊस त्याचा, पैसे त्याचे. त्यामुळे "किती वर्षं लागतात" याला सरसकट उत्तर नाही. दावा कुठल्या टप्प्यावर अडलाय आणि त्या टप्प्यावर कुणाला घाई नाही, हे आधी बघायला हवं.

येरळाकाठ, तुम्ही एक काम करा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये दाव्याचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाका, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 'एमएच'ने होते. केस हिस्टरी उघडली की प्रत्येक तारखेला काय घडलं ते एकेका ओळीत दिसेल. जुन्या तारखांचं तिथं काही नसेल तर वकिलांमार्फत रोजनाम्याची (तारखेवार नोंदींची) नक्कल मागवा. मग वही घेऊन बसा आणि प्रत्येक तारखेपुढे एवढंच लिहा : ही तारीख कुणामुळे गेली? समन्स बजावणी नाही, वारस रेकॉर्डवर नाहीत, प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज, आपला मुदतीचा अर्ज, न्यायाधीश रजेवर, कोर्ट रिकामं (न्यायाधीशाची जागाच रिकामी). माझ्याकडे नवा पक्षकार जुना दावा घेऊन आला की मी पहिल्यांदा हेच करायला लावतो. "कोर्टामुळे उशीर" असं म्हणत आलेल्या माणसाला तासाभरात कळतं की निम्मी वर्षं कुठल्या तरी एकाच टप्प्यावर गेलीत.

कायद्यातल्या मुदती वाचल्या तर तुम्हाला वाटेल मी दुसऱ्या देशाबद्दल बोलतोय. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची, फार तर ९० दिवसांत. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख द्यायची नाही. हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेच सेलम बारच्या प्रकरणात सांगितलं की ९० दिवसांची मुदत अगदी पोलादी नाही, अपवादात्मक परिस्थितीत कोर्ट ती वाढवू शकतं. अपवाद एकदा मान्य झाला की तालुका कोर्टात तो रोजचा होतो. "विना कैफियत" आदेश होतो, मग तो रद्द करा म्हणून अर्ज, दोनपाचशे रुपये खर्च बसतो आणि कैफियत दाखल. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ चा कायदा आला, त्यात १२० दिवसांनंतर कैफियत घेताच येत नाही. तिथं लोक बरोबर वेळेत देतात. त्याच बारमधले, तेच वकील.

स्पष्टवक्ता

म्हणजे वकिलांनी मनावर घेतलं तर होतं. आमचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

दिवाणी_वकील

मुदतीच्या अर्जावर सही वकिलाची असते, पण आदल्या रात्री "साहेब, उद्या एवढी तारीख घ्या" असा फोन पक्षकाराचाच येतो. बाकी भांडण नंतर करू, आधी येरळाकाठ यांचं काम होऊ दे.

निवृत्त_शिरस्तेदार

मी उभी हयात कोर्टात नोकरी केली, वेगवेगळ्या तालुक्यांत. वकीलसाहेबांनी जे सांगितलं ते खरं आहे, पण आतली बाजूही मांडतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं दिवाणी न्यायाधीश म्हणजे दिवसभर दिवाणी दावे ऐकणारे. तालुक्याला कनिष्ठ स्तराचे जे साहेब असतात तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. सकाळी अकराला पुकारा सुरू होतो. आधी रोल कॉल, म्हणजे ज्या प्रकरणांत नुसती हजेरी, पर्सिस (कोर्टाला कळवायची छोटी लेखी माहिती), मुदतीचे अर्ज आहेत ती. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असतातच, कधी शंभरावर जातात. ते उरकेपर्यंत साडेबारा. मग एखाद्या जुन्या दाव्यातला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, दोन-तीन प्रश्न होतात आणि पोलीस आरोपी घेऊन दारात हजर. रिमांड. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत हजर करायचं असा घटनेचाच दंडक आहे, तो थांबवता येत नाही. लगेच जामिनाचा अर्ज. मध्येच मृत्युपूर्व जबाब किंवा फौजदारी प्रक्रियेतल्या कलम १६४ चा (आता १८३) जबाब नोंदवायला साहेबांना उठावं लागतं. तुमचा साक्षीदार खाली बसतो. दुपारच्या सुट्टीनंतर चेक न वटल्याच्या केसेस, पोटगीचे अर्ज. चार वाजता तुमच्या वकिलाला दुसऱ्या कोर्टात जायचं असतं. गेली तारीख.

यात कुणाला दोष द्याल? भर म्हणून, साहेबांची बदली झाली आणि नवीन साहेब यायला उशीर झाला की ते कोर्ट शेजारच्या कोर्टाच्या प्रभारावर जातं. प्रभारी साहेब फक्त तातडीची कामं बघतात. बाकी सगळ्या दाव्यांना एक सामाईक लांबची तारीख. रोजनाम्यात एक ओळ, दोन-अडीच महिने संपले. बदल्या बहुतेक उन्हाळी सुट्टीच्या सुमारास होतात, म्हणून एप्रिलमध्ये युक्तिवाद अर्धवट राहू देऊ नये असं आम्ही कारकून मंडळी वकिलांना सांगायचो. नवीन साहेबांपुढे तो पहिल्यापासून करावा लागतो.

न्यायाधीश किती हवेत हा प्रश्न जुना आहे. विधी आयोगाने १९८७ सालीच दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं सांगितलं होतं. आजही आकडा २०-२२ च्या घरातच आहे. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कुणीही बघू शकतो, महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांत ५० लाखांच्या वर प्रकरणं पडून आहेत आणि त्यात मोठा वाटा फौजदारीचा आहे. म्हणजे तुमचा वाटपाचा दावा नुसता दुसऱ्या दाव्यांच्या मागे उभा नाही, रोज नव्याने येणाऱ्या फौजदारी प्रकरणांच्याही मागे उभा आहे.

येरळाकाठ

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. ते "प्रभारी" प्रकरण आमच्याकडेही झालंय असं पुसटसं आठवतंय. वही घेऊन बसतो या रविवारी.

कायद्याची_विद्यार्थिनी

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच लिहिते. रिमांडमुळे दिवाणी दावे थांबतात हे ठीक, पण ज्याला रिमांडमध्ये पाठवलं त्याची वाटही बघा ना. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालायचा आहे ते. जमिनीचा दावा रखडला तर माणूस निदान घरी झोपतो.

हुसेनारा खातून प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जलद खटला हा घटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे असं म्हटलं. तेव्हा बिहारच्या तुरुंगांत अशी माणसं सापडली होती की त्यांच्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा होती त्याहून अधिक काळ ती नुसती खटल्याची वाट बघत आत होती. आपल्याकडचं नाव सांगायचं तर डिसेंबर १९९१ चा अंतुले खटल्यातला निकाल. उशिराची तक्रार घेऊन माजी मुख्यमंत्री सर्वोच्च न्यायालयात गेले होते. कोर्टाने उशीर कशाला म्हणायचं याच्या कसोट्या दिल्या, पण अमुक वर्षांत खटला संपलाच पाहिजे अशी ठाम मुदत घालायला नकार दिला. २००२ मध्ये सात न्यायमूर्तींनी पुन्हा तेच सांगितलं.

आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडायचं, इतरांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे अंगावर असतील तर हा लाभ नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकाने स्वतः करायचा आहे. कुणाच्या ओळखीत असं कुणी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला आणि स्त्रियांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

गोदाकाठचा

चांगली माहिती. आमच्या मराठवाड्यातलं वेगळंच. आमची जमीन तलावात गेली, जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. मोबदला कमी मिळाला म्हणून वडिलांनी कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचा दावा टाकला आणि जिंकले. पण जिंकलं म्हणजे मिळालं का? परत दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज. सरकार पैसे भरत नाही. मग कोर्ट जप्तीचं वॉरंट काढतं. बेलिफ, आमचे वकील आणि आम्ही चारपाच शेतकरी थेट मोठ्या साहेबांच्या कार्यालयात. बेलिफाने खुर्ची, संगणक, बाहेर उभी गाडी अशी यादी करायला घेतली की आतून धावाधाव. लेखी हमी येते, एवढ्या महिन्यात भरतो, खुर्ची राहते. असे फोटो आमच्याकडच्या पेपरात दर दोनतीन महिन्यांनी असतातच, लोक आता हसतसुद्धा नाहीत.

गंमत अशी की वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज चढतं. उशीर सरकारचा, व्याज तुमच्या-आमच्या करातून. वडील म्हणायचे, बँकेपेक्षा बरं आहे. ते काही पैसे बघायला राहिले नाहीत.

दिवाणी_वकील

गोदाकाठचा यांनी जखमेवर बोट ठेवलं. हुकूमनाम्यानंतरची, म्हणजे कोर्टाच्या निकालानंतरची, वाट ही दाव्यापेक्षा मोठी असते आणि तिच्याबद्दल कुणी पक्षकाराला आधी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. मार्च २०२५ मध्ये पुन्हा सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. ऑक्टोबरमध्ये ते आले तेव्हा देशभरात ८ लाख ८२ हजारांच्या वर दरखास्ती पडून होत्या, आणि त्यात पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा, ३ लाख ४० हजारांहून जास्त. हे सगळे लोक जिंकलेले आहेत, एवढं लक्षात घ्या.

येरळाकाठ, तुमच्या बाबतीत पुढचा रस्ता असा. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त हिस्सा ठरतो : आईला अमुक इतका. शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे कोर्ट पाडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदार, तिथून भूमि अभिलेख. मोजणी, वाटप तक्ता, त्यावर हरकती, मग ताबा. विहिरीजवळचा तुकडा कुणाला हे खरं भांडण तिथं होणार आहे, कोर्टात नाही. आणि प्राथमिक हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात पहिलं अपील, त्यावर उच्च न्यायालयात दुसरं. दुसरं फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर चालतं, पण स्थगिती मागायला पुरतं.

निराश करायला हे लिहीत नाही. आता एक गोष्ट सांगतो जी कदाचित तुमच्या वकिलांनी सांगितली नसेल. आजोबा २००३ मध्ये गेले, बरोबर? आणि जमीन वडिलोपार्जित? आईचं लग्न कधी झालं?

येरळाकाठ

हो, वडिलोपार्जित. आईचं लग्न १९७४ चं.

दिवाणी_वकील

मग ऐका. मुलींना मुलांइतका जन्मसिद्ध हिस्सा देणारी केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्येच अशी दुरुस्ती केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या, म्हणजे तुमची आई बाहेर. ऑक्टोबर २०१५ मध्ये फुलवती प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, २००५ ला वडील हयात असतील तरच मुलीला हक्क. तुमचा दावा २०१६-१७ मध्ये निकाली निघाला असता तर हिशेब असा झाला असता : आजोबा आणि दोन मामा यांचे तीन वाटे, आणि आजोबांच्या एका वाट्यात तीन मुलं. आईला नववा हिस्सा.

११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी फुलवतीचा तो भाग फिरवला. वडील २००५ ला हयात असण्याची अट गेली. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं नसेल तर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. आता आईचा हिस्सा तिसरा.

नवव्याचा तिसरा झाला, तोही दावा रखडला म्हणून. एरवी मी उशिराची बाजू घेणारा माणूस नाही, पण तुमच्याकडे उशिराने आईच्या बाजूने काम केलंय. २०१५ ते २०२० या काळात राज्यभर असे दावे दोन्हीकडचे वकील मुद्दाम हळू चालवत होते, कारण कुणालाच माहीत नव्हतं की वारं कुठं फिरेल. विनीता शर्माच्या निकालात शेवटी असंही लिहिलंय की हे प्रलंबित दावे शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढा. तुमच्या अर्जात ते वाक्य घाला.

माहेरवाशीण

वाचून अंगावर काटा आला. आम्ही चार बहिणींनी २००९ मध्ये भावाला हक्कसोड दिली, तेव्हा "कोर्टात गेलात तर मरेपर्यंत सुटणार नाही" एवढ्या एका वाक्यावर सह्या झाल्या. कुणी दमदाटी नाही केली. नुसती कोर्टाच्या तारखांची भीती घातली.

पर्वरीकर

गोव्याचं सांगतो. आमच्याकडे असला दावा नसतो, इन्व्हेंटरी असते. माणूस गेला की त्याच्या सगळ्या मालमत्तेची यादी कोर्टासमोर होते, सगळे वारस बोलवले जातात आणि वाटप तिथंच. तुकडे पाडता येत नाहीत अशा घराचा वारसांतच लिलाव होतो, जो जास्त बोलेल त्याने घ्यायचं आणि बाकीच्यांना पैसे द्यायचे. पूर्वी पोर्तुगीज कायद्याने व्हायचं, आता २०१२ चा आमचा कायदा आहे, २०१६ पासून लागू. तुमच्या विहिरीच्या तुकड्याला हा लिलाव बरा पडला असता.

पण घाईचं म्हणाल तर तिथंही बोंबच. एक वारस लिस्बनला, एक लंडनला, एक बाणावलीत पण भावाशी बोलत नाही. सगळ्यांना नोटीस पोचेपर्यंत यादीतलं घर पडतं.

स्पष्टवक्ता

अवांतर : जगातला सगळ्यात लांबलेला दावा म्हणून गिनीज बुकात पुण्याचंच नाव होतं. थोरात घराण्याचा, १२०५ मध्ये सुरू आणि २८ एप्रिल १९६६ ला निकाल. ७६१ वर्षं! वाद कशाचा, तर समारंभात अग्रमान कुणाचा आणि उत्सवात पुढे कोण बसणार. जमीनसुद्धा नाही. मानपान!

निवृत्त_शिरस्तेदार

ते आम्हीही ऐकलंय. १२०५ ला देवगिरीवर यादव होते, तेव्हाचा दावा इंग्रजांच्या कोर्टाच्या रजिस्टरला कसा चढला ते गिनीजवाल्यांनाच ठाऊक. वाद जुना असेल, दावा तेवढा जुना नसणार. पण मानपानावरून माणसं सात शतकं भांडतील यावर माझा पूर्ण विश्वास आहे. देवस्थानच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरचे मनाई अर्ज मी यात्रेच्या आदल्या संध्याकाळी दाखल होताना पाहिलेत. त्यांची सुनावणी मात्र त्याच दिवशी होते हो!

सांगलीकर

कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, हे कुणी लिहिलं कसं नाही? सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांना मुंबई वाचली. चाळीस वर्षांच्या वर मागणी होती. येरळाकाठ यांचं दुसरं अपील झालं तर निदान जवळ पडेल.

दिवाणी_वकील

खरं आहे, पक्षकाराचा रात्रीचा प्रवास आणि मुंबईतला मुक्काम वाचला. पण खालच्या कोर्टातला साक्षीपुरावा त्याने पुढे सरकत नाही.

येरळाकाठ

रविवारी वही घेऊन बसलो. जुनी नोंद ॲपवर तुटक होती, रोजनाम्याची नक्कल वकिलांच्या फायलीत निघाली. जे दिसलं ते लिहितो.

पहिलं वर्ष-दीड वर्ष निशाणी ५, म्हणजे जमीन विकू नये म्हणून मनाईचा अर्ज. तो मंजूर झाला, त्यावर मामांनी अपील केलं, मूळ कागद जिल्ह्याला गेले आणि ते परत येईपर्यंत इकडे प्रत्येक तारखेला "रेकॉर्डची प्रतीक्षा". मग २०१६ पासून २०२० पर्यंत तो फुलवतीचा काळ, प्रतिवादींचा दावा काढून टाकण्याचा अर्ज आणि त्यावर युक्तिवाद, पुन्हा युक्तिवाद. मधे दोनदा साहेब बदलले. मग कोविड. मग थोरले मामा गेले. त्यांचे वारस म्हणजे मामी, एक मुलगा सुरतला, एक मुलगी मुंबईत, एक मुलगी दुबईत. सुरतची नोटीस तिकडच्या कोर्टामार्फत गेली आणि "पत्त्यावर राहत नाही" शेरा घेऊन परत आली. पुन्हा काढली, पुन्हा परत. तो मामेभाऊ दर दिवाळीला गावी येतो! शेवटी पेपरात जाहीर समन्स दिलं तेव्हा सुटलं. नुसत्या वारसांच्या नोटिशीत दोन वर्षांच्या वर गेली. कोर्ट प्रभारावर होतं तो काळ वेगळा.

उलटतपासाच्या तारखांत समोरच्यांचे मुदतीचे अर्ज तीनपेक्षा जास्त आहेत. प्रत्येकावर "न्यायहितार्थ मंजूर, शेवटची संधी". शेवटच्या संध्या बऱ्याच झाल्यात.

दिवाणी_वकील

उत्तम. आता नेमकं काय करायचं ते.

आईचा उलटतपास ही सगळ्यात नाजूक जागा आहे. देव करो काही होऊ नये, पण वादीचीच साक्ष अर्धवट राहिली तर पुराव्याला खिंडार पडतं. वय आणि प्रकृतीचं कारण देऊन, डॉक्टरांचा दाखला जोडून, साक्ष लगेच नोंदवा असा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ खाली द्या. प्रवास झेपत नसेल तर आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर नेमून घरी साक्ष घ्या असं मागता येतं. कमिशनरची फी तुम्हाला भरावी लागेल, ती भरा. ज्येष्ठ नागरिक म्हणून प्राधान्य मागणारा अर्ज वेगळा, जन्मतारखेच्या पुराव्यासह. समोरच्यांनी पुन्हा मुदत मागितली तर तोंडी हरकत घेऊ नका, लेखी म्हणणं द्या आणि त्यात आधीच्या "शेवटच्या संधी" निशाणी क्रमांकासह मांडा. वरच्या कोर्टाला कागदच दिसतो.

उच्च न्यायालयात जाऊन "खालच्या कोर्टाला सहा महिन्यांची मुदत घाला" अशी रिट करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. पूर्वी असे आदेश सर्रास मिळायचे. २९ फेब्रुवारी २०२४ ला घटनापीठाने सांगितलं की वरच्या न्यायालयांनी असं वेळापत्रक अपवादात्मक परिस्थितीतच घालावं, कारण कुणाला तरी पुढे घेतलं की रांगेतला दुसरा मागे जातो. त्यामुळे आधी खाली अर्ज द्या, तो नाकारला तर बघू.

निवृत्त_शिरस्तेदार

एक भर. कुणी मयत झालं तर वारस लावायची मुदत ९० दिवस असते. ती चुकली की तेवढ्यापुरता दावा पडतो, मग तो उठवायला ६० दिवस, मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर पुन्हा म्हणणं, पुन्हा तारखा. भावकीच्या दाव्यात प्रतिवादी सगळे म्हातारे. म्हणून गावाकडून कुणाच्या जाण्याची बातमी आली की दहाव्याला जाऊन या, आणि येताना वारसांची पूर्ण नावं-पत्ते लिहून आणा. ऐकायला वाईट वाटतं. पण ग्रामपंचायतीचा दाखला आणि मुलांचे खरे पत्ते तेव्हाच मिळतात, वर्षाने कुणी सांगत नाही.

आणि तुम्ही त्या मामेभावाबरोबर चहा पिता म्हणालात. तो मुद्दा सगळ्यांनी सोडून दिलाय.

येरळाकाठ

काका, तडजोडीचं दोनदा बोलून झालंय. धाकटे मामा तयार आहेत असं वाटतं, मामी नाहीत. आणि खरं सांगायचं तर नवव्याचा तिसरा झाला हे मी वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा समजून घेतलं, त्यांना ते आधीच माहीत असणार.

निवृत्त_शिरस्तेदार

त्यांना माहीत आहे म्हणूनच तारखा घेतायत. पण त्यांचीही मुलं आता विहिरीवर नवी मोटर बसवायची तर आपसात विचारतात, कर्ज काढायचं तर सातबाऱ्यावर दाव्याची नोंद आडवी येते. वाट बघण्याचा खर्च त्यांनाही लागलाय. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा असते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणजे जिल्हा आणि उच्च न्यायालय दोन्ही टप्पे वाचतात. आई वादी आहेत म्हणजे कोर्ट फी भरलीच नसेल, मालमत्तेच्या दाव्यात महाराष्ट्रात बायकांना १९९४ पासून माफ आहे, त्यामुळे फी परत मिळण्याचा फायदा तुम्हाला नाही.

फक्त तडजोड मोघम लिहू नका. "विहीर सामाईक" एवढंच लिहिलेल्या तडजोडी मी पुन्हा दावा होऊन आलेल्या पाहिल्यात. गट नंबर, चतुःसीमा, मोजणीचा नकाशा सोबत जोडलेला, शेतात जायचा रस्ता किती फुटांचा आणि कुठल्या बांधावरून, पाण्याच्या पाळ्या कुणाच्या कुठल्या वारी, वीजबिल कोण भरणार, मोटर जळाली तर दुरुस्ती कशी वाटायची. हे सगळं येऊ द्या. खासगीत मोजणी करून नकाशा आधीच तयार ठेवलात तर बोलणी निम्म्यात होतात, कारण लोक कागदावर रेघ बघितल्याशिवाय हो म्हणत नाहीत.

माहेरवाशीण

आणि मामींशी तुमच्या आईला बोलू द्या हो, वकिलांना नको. नणंद-भावजय बोलल्या नसतील ना २०१२ पासून?

येरळाकाठ

नाही बोलल्या.

पुढची तारीख २० दिवसांवर आहे. साक्षीचा अर्ज आणि ज्येष्ठ नागरिकाचा अर्ज दोन्ही तयार करायला आमच्या वकिलांना सांगितलंय. कमिशनर नेमण्याला ते आधी तयार नव्हते, म्हणे "साहेबांना आवडत नाही". आदेश २६ चं नाव काढल्यावर म्हणाले बघू. आईच्या डॉक्टरांकडे उद्या जातोय.

दिवाणी_वकील

दाखल्यावर नुसतं "वृद्धापकाळ" नको. काय आजार, प्रवास का नको, हे स्पष्ट हवं, आणि तारीख अलीकडची. अर्ज दाखल झाला की निशाणी क्रमांक पडतो, तो त्याच दिवशी लिहून घ्या. समोरच्यांचं म्हणणं येण्यासाठी एक तारीख जाईलच, ती धरून चला.

चाळकरी

निकाल लागला की धागा वर काढा. आम्ही आहोत इथेच.